खुनी सापडला, आता पुढचा भाग कसा काढायचा?

खुनाचा रहस्यपट संपतो तेव्हा त्यात पुढे नेण्यासारखं जवळजवळ काहीच उरत नाही. ज्याचा खून झाला तो सुरुवातीलाच गेला. खुनी शेवटच्या दहा मिनिटांत पोलिसांच्या गाडीत बसला. बाकीच्या संशयितांवरचा संशय फिटला, त्यामुळे त्यांच्यातला रसही संपला. सुपरहिरोच्या चित्रपटात नायक, त्याचं शहर, त्याचा वैरी असं सगळं काही पुढच्या भागासाठी राखून ठेवता येतं. रहस्यपटात मात्र काही राखून ठेवलं, तर तिकीट काढून आलेला माणूस फसवल्यासारखा चिडतो. गोष्ट पुरी झालीच पाहिजे, अशी इथली अटच आहे.

तरीही २०१९ साली आलेल्या 'नाइव्ह्ज आउट' या रहस्यपटाच्या पुढच्या दोन भागांसाठी नेटफ्लिक्सने २०२१च्या मार्चमध्ये ४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम कबूल केली. बातम्यांमध्ये ४६ कोटी ९० लाख हा आकडा आला होता. त्या दिवशी या दोन्ही भागांचा एकही शॉट चित्रित झालेला नव्हता. मग नेटफ्लिक्सने नेमकं घेतलं काय? त्याचं उत्तर थोडं पटकथेत आहे, थोडं तिकीटबारीवर आणि बरंचसं करारपत्रात.

खुनी कोण, हे या लेखात सांगणार नाही. पहिल्या चित्रपटाच्या मध्यापर्यंत काय घडतं ते मात्र सांगावं लागेल, कारण दिग्दर्शक रायन जॉन्सनची खरी कारागिरी तिथेच आहे.

हार्लन थ्रॉम्बी हा रहस्यकथांचा गडगंज लेखक. त्याच्या ८५व्या वाढदिवसाला सगळं कुटुंब त्याच्या जुन्या हवेलीत जमतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गळा चिरलेल्या अवस्थेत सापडतो. पोलिसांच्या मते ही आत्महत्या. पण कुणीतरी निनावी पाकिटातून रोख पैसे पाठवून बेन्वा ब्लांक नावाच्या खासगी गुप्तहेराला या प्रकरणावर नेमलेलं असतं. मुलगी, जावई, मुलगा, विधवा सून, वाया गेलेला नातू अशा प्रत्येकाला म्हाताऱ्याच्या मरणात काही ना काही फायदा आहे. इथपर्यंतची सगळी मांडणी अगाथा ख्रिस्तीच्या घराण्यातली.

मग अर्धा-पाऊण तास उलटतो न उलटतो तोच चित्रपट आपल्याला त्या रात्री काय झालं ते दाखवूनच टाकतो. हार्लनची नर्स मार्टा हिच्या हातून दोन औषधांच्या बाटल्यांची अदलाबदल होते. आपण त्याला मॉर्फिनचा जीवघेणा डोस टोचला, हे तिच्या लक्षात येतं. तिच्यावर माया करणारा हार्लन तिला वाचवायला उरलेल्या मोजक्या मिनिटांत एक बनाव रचतो. शिवाय मार्टाला एक विचित्र खोड आहे: खोटं बोललं की तिला उलटी होते. आणि ब्लांक तपासात मदतीला नेमका तिलाच सोबत घेतो.

हे असं का केलं, ते कळायला हिचकॉकचं एक जुनं मत ठाऊक हवं. 'खून कुणी केला' या जातीच्या गोष्टी त्याला आवडत नसत. त्या शब्दकोड्यासारख्या असतात, डोकं चालतं पण काळीज हलत नाही, अशी त्याची तक्रार होती. प्रेक्षक दोन तास निव्वळ उत्तराची वाट पाहत बसतो. याउलट बाँब कुठे ठेवलाय ते आधीच सांगून टाकलं, की तोच प्रेक्षक जीव मुठीत धरून बसतो. जॉन्सनने या दोन जाती एकमेकींत घातल्या. पहिला भाग ख्रिस्तीचा. मधल्या भागात प्रश्न बदलतो: खुनी कोण, याऐवजी ही बिचारी पकडली जाईल का? ज्या गुप्तहेराच्या हुशारीवर आपण इतका वेळ खूश होतो, त्याचीच आता आपल्याला भीती वाटायला लागते. आणि शेवटच्या भागात जुनं कोडं पुन्हा वर येतं. ते मुळात मिटलेलंच नव्हतं. निनावी पाकीट कुणी पाठवलं, या एका न सुटलेल्या प्रश्नाने ते सबंध मधल्या पळापळीत मंद आचेवर शिजत राहिलेलं असतं. माझ्या मते सगळ्या पटकथेतला सर्वांत चतुर डाव ते पाकीटच आहे.

मालिकेच्या दृष्टीने या रचनेतून एक मोठी सोय झाली. चित्रपटाचं काळीज मार्टाकडे गेलं, ब्लांककडे नाही. तिच्यावर संकट येतं, तिची परीक्षा होते, तिचं आयुष्य पालटतं. ब्लांक येतो, निरखतो, लांबलचक वाक्यं टाकतो, उलगडा करतो आणि जातो. आला तेव्हा जसा होता तसाच तो परत जातो. पुढच्या गोष्टीत त्याला जसाच्या तसा उचलून ठेवता येतो. बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. झुंजार किंवा धनंजय यांचं कुठलंही पुस्तक मधूनच हाती घेतलं तरी काही अडत नसे.

आता नटमंडळींकडे वळू. रहस्यपटात कुणाला घेतलं, हाच एक मोठा धागादोरा असतो. सात अनोळखी चेहरे आणि एक नावाजलेला नट असेल, तर खुनी कोण ते श्रेयनामावलीतच कळतं. यावरचा उपाय सिडनी लुमेटने १९७४च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'मध्ये करून दाखवला होता: सगळेच नावाजलेले घ्यायचे. इन्ग्रिड बर्गमन, शॉन कॉनरी, लॉरेन बकॉल, व्हनेसा रेडग्रेव्ह, अँथनी पर्किन्स. मग कुणावरच जास्त संशय घेता येत नाही. 'नाइव्ह्ज आउट'मध्ये जेमी ली कर्टिस, ख्रिस इव्हान्स, टोनी कोलेट, मायकल शॅनन, डॉन जॉन्सन आणि हार्लनच्या भूमिकेत क्रिस्तोफर प्लमर आहेत. (नटांवरून नाही, तरी फोनवरून खुनी ओळखला जाण्याचा धोका उरतोच. ॲपल कंपनी पडद्यावरच्या खलनायकाच्या हाती आपला फोन देऊ देत नाही, असं जॉन्सनने एका मुलाखतीत सांगून टाकलं. तेव्हापासून चाणाक्ष प्रेक्षक रहस्यपटात आधी कुणाच्या हातात कुठला फोन आहे ते पाहतात.)

एवढी मंडळी इतक्या झटपट जमली कशी? त्यामागे एक योग होता. जेम्स बाँडच्या पुढच्या चित्रपटाचा दिग्दर्शक डॅनी बॉयल २०१८च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडला, चित्रीकरण लांबलं आणि डॅनियल क्रेगच्या तारखा मोकळ्या झाल्या. जॉन्सनची पटकथा तयार होती. सप्टेंबरमध्ये टोरांटो महोत्सवाच्या वेळी एमआरसी या कंपनीशी पैशांचा करार झाला आणि ऑक्टोबर संपता संपता मॅसॅच्युसेट्समध्ये कॅमेरा सुरूही झाला. बाँड साकारणारा नट ब्लांक म्हणून अमेरिकेच्या दक्षिण भागातला हेल काढून बोलणार म्हटल्यावर इतरांनाही कुतूहल वाटलंच असणार. शिवाय अशा चित्रपटात प्रत्येकाला थोड्या दिवसांचं काम आणि एखाददुसरा झणझणीत प्रसंग मिळतो. मोठ्या नटाला असं काम नको कशाला असेल?

या रचनेचा हिशेबही वेगळा बसतो. सुपरहिरोंच्या मालिकेत दहा-बारा नट कायमचे असतात आणि दर भागागणिक त्यांचं मानधन चढत जातं. रहस्यपटात दर वेळी पाटी कोरी. कायमचा एकच, तो म्हणजे गुप्तहेर. तो मात्र आपली किंमत वसूल करतो.

आता तिकीटबारी. चित्रपटाचा खर्च सुमारे ४ कोटी डॉलर, जगभरातला गल्ला ३१ कोटींच्या वर. या दोन आकड्यांपेक्षा मधली चाल पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत चित्रपट २७ नोव्हेंबर २०१९ रोजी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी लागला. पहिल्या शुक्रवार, शनिवार, रविवारची कमाई २ कोटी ७० लाखांच्या आसपास होती, आणि उत्तर अमेरिकेतला एकूण गल्ला साडेसोळा कोटींपर्यंत गेला. म्हणजे त्या तीन दिवसांच्या सहा पट. एरवी मोठे चित्रपट अडीच-तीन पटींवर दमतात.

याला आपल्याकडे माउथ पब्लिसिटी म्हणतात, आणि रहस्यपटात ती जरा निराळ्या रीतीने चालते. पाहून आलेल्याला सांगायचं तर खूप असतं, पण सांगता येत नाही. 'तू आधी बघ, मग बोलू' एवढंच तो म्हणतो, आणि त्याचं तोंड उघडायचं तर ऐकणाऱ्याला तिकीट काढावंच लागतं. लंडनच्या रंगभूमीवर १९५२ साली सुरू झालेलं ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' याच युक्तीवर पिढ्यान्पिढ्या चाललं. प्रयोग संपल्यावर 'खुनी कोण ते बाहेर सांगू नका' अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. 'नाइव्ह्ज आउट'च्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. सणाला अख्खं कुटुंब एकत्र जमतं, जेवणाच्या टेबलावर राजकारणावरून भांडतं आणि मग सगळे मिळून सिनेमाला जातात. पडद्यावरही तेच चाललेलं. शेजारच्या पडद्यावर पाच दिवस आधी लागलेला 'फ्रोझन २' होता, म्हणजे मुलांची सोय झालेली. आणि कथा कुठल्या पुस्तकातून घेतलेली नव्हती, त्यामुळे शेवट आधीच माहीत असलेला माणूस जगात कुठे नव्हता.

या शेवटच्या मुद्द्याचं मोल केनेथ ब्रानाने ख्रिस्तीच्या प्वारो या गुप्तहेरावर काढलेल्या चित्रपटांशी ताडून पाहिलं की कळतं. त्याच्या 'ओरिएंट एक्स्प्रेस'ने २०१७ साली ३५ कोटी डॉलर मिळवले, 'नाइव्ह्ज आउट'पेक्षाही जास्त. 'डेथ ऑन द नाईल' २०२२ साली १४ कोटींच्या आतच राहिला आणि २०२३चा 'अ हाँटिंग इन व्हेनिस' साधारण १२ कोटींवर थांबला. महामारीने मधल्या चित्रपटाचा घात केला, हे खरंच. पण गाडी आणि बोट या ख्रिस्तीच्या दोन सर्वांत गाजलेल्या कथा पहिल्या दोन चित्रपटांतच खर्ची पडल्या, आणि तिसऱ्यासाठी कमी वाचलेल्या कादंबरीकडे जावं लागलं. शिवाय ब्रानाने प्वारोच्या मिशांनाही पहिल्या महायुद्धातलं एक दुःख चिकटवलं. गुप्तहेराला मोठा भूतकाळ दिला की तो निरीक्षक राहत नाही, रुग्ण होतो. जॉन्सनने हे टाळलं. दुसऱ्या चित्रपटात लॉकडाऊनमध्ये कंटाळलेला ब्लांक बाथटबमध्ये बसून ऑनलाइन खेळ खेळताना दिसतो आणि त्याच्या घराचं दार ह्यू ग्रँट उघडतो. गुप्तहेराच्या खासगी आयुष्याबद्दल एवढीच माहिती मिळते, आणि तीही गंमत म्हणून. ती पुरतेही.

आता करारपत्र. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत शिकण्यासारखा, आणि चित्रपटांबद्दल बोलताना आपण नेमका तोच गाळतो.

एमआरसीने पैसे घातले, लायन्सगेटने वितरण केलं. पण त्यांच्याशी झालेला व्यवहार एका चित्रपटापुरता होता. पुढच्या भागांचे हक्क जॉन्सन आणि त्याचा निर्माता राम बर्गमन यांच्याकडेच राहिले. २०२०च्या फेब्रुवारीत लायन्सगेटच्या प्रमुखांनी पुढचा भाग येणार असल्याचं गुंतवणूकदारांना सांगितलंही होतं. वर्षभरानंतर तो भाग बाजारात बोलीला निघाला. ॲमेझॉन आणि ॲपल यांनाही तो हवा होता, अशा बातम्या होत्या. चित्रपटगृहं तेव्हा नुकती कुठे डोळे उघडत होती आणि ओटीटी कंपन्यांची एकमेकींशी चुरस शिगेला पोहोचली होती. विकणाऱ्याला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता.

एवढी मोठी रक्कम कशाची, ते नीट समजून घेऊ. बातम्यांनुसार प्रत्येक भागाचं बजेट किमान पहिल्याइतकं, म्हणजे ४ कोटी डॉलर ठेवायचं ठरलं होतं. म्हणजे दोन्ही मिळून ८ कोटी, किंवा फार तर त्याहून बरेच जास्त धरा. बाकीचे पैसे कसले? चित्रपटगृहात लागणाऱ्या चित्रपटात दिग्दर्शक, निर्माता आणि मोठा नट यांना नफ्यातला वाटा मिळतो. चित्रपट चालला तर चांदी, पडला तर काही नाही. नेटफ्लिक्सवर तिकीटच नाही, त्यामुळे वाटा मोजायला गल्लाही नाही. मग संभाव्य यशाची किंमत आधीच ठरवून एकरकमी द्यावी लागते. विकणाऱ्याची जोखीम संपते, घेणाऱ्याची सुरू होते. आणि त्या करारात आणखी दोन अटी असल्याचं सांगितलं गेलं: सर्जनाचे निर्णय जॉन्सनकडे राहतील, आणि क्रेग असलाच पाहिजे.

ही दुसरी अट फार बोलकी आहे. प्वारो १९७४ साली अल्बर्ट फिनीने केला, १९७८च्या 'डेथ ऑन द नाईल'मध्ये पीटर उस्तिनोव्हने. लोकांनी दोन्ही स्वीकारले, कारण प्वारो मुळात पुस्तकातला. सत्यजित रायांचा फेलूदाही सौमित्र चटर्जींनंतर सब्यसाची चक्रवर्तींनी केला. ज्याचं बूड छापील पानात आहे, त्याचा चेहरा बदलता येतो. ब्लांकच्या मागे पुस्तक नाही. तो आहे तो क्रेगच्या हेलात, त्याच्या चालण्यात आणि कपड्यांत. नेटफ्लिक्सने गुप्तहेर विकत घेतला तो एका जिवंत माणसासकट, आणि हा माणूस १९६८ साली जन्मला आहे.

दुसरा भाग 'ग्लास अनियन' २०२२ साली आला. जागा ग्रीसचं बेट, काळ महामारीचा, यजमान एक तंत्रज्ञानसम्राट. पानगळीतली हवेली, लोकरी स्वेटर, लाकडी जिने हे सगळं मागे सोडून जॉन्सनने भर उन्हात कोडं मांडलं. त्याने पहिल्या भागाची मांडणीही पुन्हा वापरली नाही. इथे चित्रपट मध्यावर थांबतो, मागे जातो आणि आपण पाहिलेलेच प्रसंग दुसऱ्या कोनातून दाखवतो. न बदललेलं काय? ब्लांकच्या जोडीला एक बाहेरची, एकटी पडलेली व्यक्ती, जिच्यासाठी आपला जीव तुटतो. पहिल्यात मार्टा, इथे जनेल मोनेची व्यक्तिरेखा. २०२५च्या 'वेक अप डेड मॅन'मध्ये हे काम जॉश ओकॉनरच्या तरुण पाद्र्याकडे आलं. त्या चित्रपटात ब्लांक बराच वेळ फिरकतच नाही, एवढा जॉन्सनचा या युक्तीवर विश्वास बसलेला आहे. चर्च, गुड फ्रायडे, बंद खोलीतला अशक्य वाटणारा खून. आणि अशा कोड्यांचा बादशहा जॉन डिक्सन कार याच्या १९३५च्या 'द हॉलो मॅन' कादंबरीचा उघड उल्लेख. माझं मत विचाराल तर तिन्हींत हा सर्वांत खोल आहे आणि 'ग्लास अनियन' सर्वांत चकचकीत. पहिल्याची बांधणी मात्र दोघांनाही जमलेली नाही.

गंमत म्हणजे जॉन्सनला मालिकेचा शिक्का नकोच होता. ख्रिस्तीच्या पुस्तकांसारखा प्रत्येक चित्रपट स्वतंत्र असावा, स्वतःच्या नावाने ओळखला जावा, असं त्याचं म्हणणं. तिन्ही नावं त्याने गाण्यांवरून घेतली, रेडिओहेड, बीटल्स आणि यू-टू यांच्या. पण पोस्टरवर पुढच्या दोन्ही नावांखाली 'अ नाइव्ह्ज आउट मिस्टरी' ही ओळ आलीच, आणि ती आपल्याला आवडलेली नाही हे त्याने लपवलं नाही. विक्रेत्याची अडचणही समजण्यासारखी आहे. लोकांना चित्रपटाचं नाव आठवत होतं, बेन्वा ब्लांक हे नाव नाही. ऑस्करवाल्यांनीही मालिकेचं नातं कागदोपत्री पक्कं केलं. पहिल्या चित्रपटाला मूळ पटकथेचं नामांकन मिळालं होतं. दुसऱ्याची कथा पूर्णपणे नवी, तरी नामांकन मिळालं ते आधारित पटकथेसाठी, कारण गुप्तहेर आधीच्या चित्रपटातून आलेला.

या सगळ्यात हरवलं काय, ते 'ग्लास अनियन'च्या प्रदर्शनात दिसलं. नेटफ्लिक्सने तो नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या सहा-सातशे चित्रपटगृहांत एका आठवड्यापुरता लावला आणि मग उतरवून २३ डिसेंबरला घरोघरी दाखवला. पहिला भाग आठवड्यामागून आठवडे चालत सहा पटींवर पोहोचला होता; याला एकच आठवडा मिळाला. गल्ल्याचे आकडे नेटफ्लिक्सने जाहीर केले नाहीत. अंदाज दीड कोटी डॉलरच्या आसपासचे होते. घरी मात्र नाताळच्या सुट्टीत तो अफाट पाहिला गेला. पण सोफ्यावर बसलेला माणूस चित्रपट थांबवतो, मागे नेतो, फोनवर शेवट शोधतो. आणि अख्ख्या जगासमोर एकाच रात्री उलगडलेलं गुपित दुसऱ्या दिवशी गुपित राहत नाही. 'तू आधी बघ, मग बोलू' म्हणायला कुणी उरलेलंच नसतं. तिसऱ्या भागालाही चित्रपटगृहांत दोन-सव्वादोन आठवडेच मिळाले.

'वेक अप डेड मॅन' १२ डिसेंबर २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आला आणि दोन चित्रपटांचा तो करार पुरा झाला. चौथा भाग निघालाच, तर तो पुन्हा पाहिजे त्याला विकता येईल असा, मोकळा. घेणाऱ्याला त्यात कथा मिळणार नाही, संशयित मिळणार नाहीत, हवेली किंवा बेटही मिळणार नाही. त्याच्या हाती येतील जॉन्सनच्या कोऱ्या वह्या आणि साठीकडे झुकलेल्या क्रेगच्या तारखा.